चौथी ड्राइव्ह

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल नापास झालो. हे वाक्य तोंडाने कुणाला सांगायच्या आधी कागदावर लिहून बघतोय. लिहिल्यावरही तेवढंच वाईट दिसतं.

अकरा वर्षं विमानाच्या उजव्या खुर्चीत काढली. आता डावीकडे सरकायची वेळ आली होती. को-पायलटचा कॅप्टन व्हायचं म्हणजे कंपनीच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानात, परीक्षक पाठीशी बसलेले असताना, चार तास एकामागून एक संकटं निभवायची. इंजिन बंद पडलं, निभावलं. केबिनमध्ये धूर झाला, तोही निभावला. शेवटचं साधंसुधं लँडिंग तेवढं उरलं होतं. नऊशे फुटांवर होतो, आणि एकदम सहाशेवर. मधलं चित्रच नाही. धावपट्टी टुणकन पुढे आली, विमान डावीकडे वाहवलेलं, वेग पडलेला आणि परीक्षक मागून ओरडतायत.

मी म्हटलं, "सर, मशीनने उडी मारली."

"मशीनने काही केलेलं नाही. मी दोनदा विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस. वीस-बावीस सेकंदं नुसता बसून होतास."

मी बसून नव्हतो. मला कुणी काही विचारलंच नाही. पण रिपोर्टवर 'दबावाखाली गोठतो' असं आलं. मी! बर्फासारख्या वाऱ्यात एका चाकावर विमान टेकवलेला माणूस.

पुढची संधी १२ मार्चला. तीच शेवटची. त्यात गेलो तर कॅप्टन होणं विसरायचं, आणि वर सरकू न शकणाऱ्या को-पायलटला आमची कंपनी फार दिवस पोसत नाही. तोवर उजव्या खुर्चीतलं रोजचं काम चालू राहील.

परीक्षक निघताना म्हणाले, "प्रत्येक चूक त्याच दिवशी लिहून काढत जा." म्हणून ही वही. मुलीकडून मागून घेतली. आमची भिंगरी दहा वर्षांची, तिने आधी गंभीरपणे विचारलं, "रेघांची देऊ की चौकटींची?"

६ फेब्रुवारी, शुक्रवार

इस्त्रीच्या खोलीतलं टेबल बळकावलं. मेहुण्याचा जुना कॉम्प्युटर आणलाय. तो घरांचे नकाशे काढायचा, त्यामुळे चित्रं दाखवायची ताकद त्यात भरपूर आहे. मोठा पडदा, जॉयस्टिक, पायाशी रडरचे पेडल. सकाळी सिम्युलेटरचा प्रोग्राम चढवायला लावला, तो चार वाजेपर्यंत चढतच होता. ही कामावरून आली, दारात उभी राहून म्हणाली, "इस्त्रीचे कपडे आता विमानतळावर न्यायचे का?"

पहिलंच उड्डाण. छान वर गेलो, वळलो, धावपट्टी समोर धरली. आणि तेच! चित्र अडकलं, मग एकदम पुढचं दिसलं. विमान नाकावर आपटलेलं.

वाईट वाटायच्या ऐवजी जीव भांड्यात पडला. म्हणजे दोष माझा नाही. चित्रं वेळेवर पोचत नाहीत म्हणून हे होतं, हे कुणीही सांगेल. कंपनीच्या मशीनचंही नक्की असंच काहीतरी असणार. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे, ती काढून टाकायची.

७ फेब्रुवारी, शनिवार

हार्ड डिस्कच्या जागी नवी ड्राइव्ह कुणाकडून घ्यावी म्हणून चौकशी केली, तर सगळ्यांनी एकच पत्ता दिला. जिन्याखालचं चिंचोळं दुकान. दुकानवाल्या बाई पन्नाशीच्या. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. आधी त्यांनी मलाच तपासलं.

"काय करता तुम्ही कॉम्प्युटरवर?"

"विमान उडवतो. म्हणजे खरंही उडवतो, पण सरावासाठी."

"अस्सं, कॅप्टन." मी त्यांची चूक सुधारली नाही. "हे बघा कॅप्टन, तुमच्या डब्यात आत एक तबकडी फिरतेय आणि तिच्यावर सुई धावतेय. तुम्ही विमान पुढे दामटणार. पुढची घरं, टेकड्या, रस्ते ती सुई शोधून आणणार. बिचारी किती पळेल? एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच. मागितलं की हजर."

त्यांनी जुन्याच वायरीवर बसणारी, काड्यापेटीहून जरा मोठी, सपाट ड्राइव्ह दिली. म्हणाल्या, "आधी ही लावून बघा. एकदम सगळ्यात महाग घ्यायची घाई नको." स्वतःच गिऱ्हाइकाला महाग घेऊ नका म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

८ फेब्रुवारी, रविवार

जादू! अकरा मिनिटं लागायची तिथे दीड मिनिटात धावपट्टीवर. भिंगरीला शेजारी बसवून आमच्या घरावरून फेरी मारून आणली. तिला गच्ची दिसली, वाळत घातलेल्या चादरी दिसल्या नाहीत म्हणून ती खट्टू झाली.

संध्याकाळी मात्र दोनदा अडखळलं. दुसऱ्या वेळी हातातला चहा मांडीवर सांडला तो कधी, तेही कळलं नाही, इतका पडद्यात घुसलो होतो. पँट बदलली. मांडी चांगलीच भाजलीय.

११ फेब्रुवारी, बुधवार

खरं उड्डाण. बासष्ट प्रवासी. कॅप्टन खडूस. त्यांना सगळे पाठीमागे खडूसच म्हणतात, कारण बावीस वर्षांत त्यांनी कुणाला शाबासकी दिल्याचं ऐकिवात नाही.

उतरताना ते म्हणे दोनदा पंखांचे फ्लॅप उघडायला सांगत होते. मला ऐकूच आलं नाही. शेवटी त्यांनी स्वतः हात लांब करून लिव्हर ओढला. जमिनीवर आल्यावर म्हणाले, "झोपला होतास का?"

"सर, हेडसेट खरखर करतोय."

हेडसेट दुरुस्तीला दिला. तिथला माणूस म्हणाला, हा तर ठणठणीत आहे. आजकाल कुणालाच नीट तपासायचं नसतं.

पार्किंगमध्ये खडूस माझ्या गाडीजवळ घुटमळले. "घरी सगळं ठीक आहे ना?" मी जरा तोडूनच 'हो' म्हटलं. नापास झालेल्या माणसाच्या घरात डोकवायची सगळ्यांनाच हौस.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा जिन्याखाली. बाईंना म्हटलं, अजून अडखळतंय. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर केला. म्हणाल्या, आता वायर सोडायची, थेट मदरबोर्डवरच्या खाचेत बसणारी घ्यायची. च्युइंगमच्या पट्टीएवढी पट्टी. पायवाट सोडून हमरस्त्याला लागण्यासारखं.

त्यांनी दोन दाखवल्या. एकीत जागा दुप्पट, पण स्वस्तातली. "ही सुरुवातीला पळते, मग भरत आली की धापा टाकते. एकेका कप्प्यात चार-चार गोष्टी कोंबलेल्या असतात आणि हिला स्वतःची आठवणवही नाही." दुसरी निम्म्या जागेची, पण दमदार. मी मोठी घेतली. मला त्या सगळ्या डोंगराळ भागाचा नकाशा चढवायचाय जिथे परीक्षक हमखास नेतात. बाई म्हणाल्या, "घ्या, पण खोकं टाकू नका. परत याल."

१६ फेब्रुवारी, सोमवार

तीन वेळा अडखळलं. धापा टाकते म्हणाल्या होत्या, अक्षरशः तसंच. माझीच हाव नडली.

आज एक नवीन गोष्ट लक्षात आली. अडखळायच्या जरा आधी जळक्या वायरीचा वास येतो. म्हणजे ड्राइव्ह तापतेय! हे आधी कसं सुचलं नाही? हिला बोलावून वास घ्यायला लावला. हिला काही आला नाही. हिला सतत सर्दी असते.

भिंगरी जेवताना म्हणाली, "बाबा, आपण पुतळा-पुतळा खेळतोय का? मी तीनदा हाक मारली." मी म्हटलं, हो, आणि तू हरलीस. ती खूश.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी कुरकुर न करता बदलून दिली. आता दमदारवाली, वर धातूची जाड पाठ, तापू नये म्हणून. सुरुवातीची सपाट ड्राइव्ह फक्त कॉम्प्युटर चालू करायला ठेवायची आणि सिम्युलेटर एकटा या नवीनवर. दोघांची कामं वेगळी, भांडण नको.

पण त्या जरा घुटमळल्या. "कॅप्टन, एक खटकतंय. ती स्वस्तवाली धापा टाकते ती लिहिताना. तुमचा प्रोग्राम बहुतेक वेळ नुसता वाचतो. वाचायला तीही वाईट नव्हती. एवढं अडखळायला नको होतं खरं तर."

"अडखळतंय ना पण."

"मग अडखळतंय," त्या म्हणाल्या आणि पावती लिहायला लागल्या. जुनी ड्राइव्ह नाकाशी धरून दोनदा हुंगलीही त्यांनी. म्हणाल्या, "हिला वास नाही."

२१ फेब्रुवारी, शनिवार

बसवली. तापमान मोजणारा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवलाय. पन्नाशीच्या वर जात नाही, म्हणजे अगदी गार. तरी वास आलाच. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चवही आली. दातात भरलेली चांदी सैल झाली असेल, बघायला हवं.

संध्याकाळी हिच्याशी वाजलं. ही चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. भाजी चिरता चिरता हिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "तू माझ्याशी बोलता बोलता मध्येच निघून जातोस."

"कुठे जातो? इथेच तर आहे."

"मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते. बघणारे डोळे कुठले आणि नुसते उघडे कुठले, मला कळतं. आज सकाळी तुझे नुसते उघडे होते."

हिचं खरंच आहे. महिनाभर माझं घरात लक्ष नाही. नवराबायकोत असं होतं. परीक्षा झाली की हिला घेऊन कुठेतरी चार दिवस जाईन. तसं सांगितलं तर हिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी ते म्हणत नाहीये," म्हणाली. बायका नक्की काय म्हणतात हे समजायला वेगळं सिम्युलेटर हवं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

चार उड्डाणं, चारही सुरळीत. दुसऱ्या एका कॅप्टनबरोबर. खऱ्या विमानात काही होत नाही, घरी होतं. आणखी कसला पुरावा पाहिजे?

२५ फेब्रुवारी, बुधवार

एका तासात चार वेळा. चारही वेळा विमान गमावलं. दोनदा डोंगरात, एकदा पाण्यात, एकदा धावपट्टीच्या अलीकडे कुणाच्या तरी शेतात.

परीक्षेला पंधरा दिवस. मशीन धड चालत नाही तर सराव कसला करू? आज जॉयस्टिक भिंतीवर फेकली. फुटली नाही, पण भिंगरी दारात उभी होती. तिने ती उचलून मुकाट्याने टेबलावर ठेवली आणि आपल्या खोलीत गेली. अभ्यास करते म्हणाली. दार लोटून घेतलं. ती कधीच दार लोटत नाही.

मला आता पडद्यासमोर बसायची भीती वाटते. कधी अडखळेल याची वाट बघत बसतो. पोटात काहीतरी वर चढत येतं, घशापर्यंत. अकरा वर्षांत हवेत असं कधी वाटलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंकडे जाऊन सरळ हात जोडले. म्हटलं, सगळ्यात महाग जी असेल ती द्या. त्यांनी दिली नाही. कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्राम घालून दिला. तो पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला किती वेळ लागला याची नोंद ठेवतो. सिम्युलेटर स्वतःही उड्डाणाची नोंद ठेवतो, जॉयस्टिक कधी किती हलली तीसुद्धा.

"तुम्ही फक्त एक करा. अडखळलं की घड्याळ बघून वहीत वेळ लिहा. मग आपण दोन्ही शेजारी ठेवून बघू. ड्राइव्हचा दोष असेल तर तिथे सुळका दिसेल. दिसला तर ड्राइव्हच्या कंपनीशी मी भांडते."

मला त्या बाई आवडायला लागल्यात.

१ मार्च, रविवार

शुक्रवारी ५:१२, ५:४०. शनिवारी ११:०५, ११:३१, ४:२६. आज १०:१८, आणि ५:५२ ला दोन लागोपाठ. प्रत्येक वेळी आधी वास. उद्या सकाळचं एक उड्डाण उरकून दुपारी कॉम्प्युटर आणि वही दोन्ही घेऊन जातो. आता सापडलीच चोरी.

२ मार्च, सोमवार

त्याच दिवशी लिहायचं असं ठरलंय, म्हणून लिहितोय.

बाईंनी नोंदी उघडल्या. माझी वही शेजारी ठेवली. पेन्सिलीने एकेक वेळ टिपत गेल्या. शुक्रवार ५:१२. पडद्यावर हिरवी सरळ रेघ. ५:४०, सरळ रेघ. शनिवार, सरळ. कालचा रविवार, तोही सरळ. एकही चित्र उशिरा आलेलं नाही. एकही.

मग त्यांनी जॉयस्टिकची नोंद उघडली. ती रेघ म्हणजे नुसती वळवळ, कारण हात कधी स्थिर नसतो. आणि ५:१२ ला ती वळवळ थांबते. एकदम सपाट होते. एकवीस सेकंदं. मग पुन्हा वळवळ. ५:४० ला सपाट, अठरा सेकंदं. त्यांनी आठही वेळा दाखवल्या. मला पाहवेना.

त्यांनी दोन्ही चष्मे काढून ठेवले. "कॅप्टन, ड्राइव्ह वाचतेय. चित्र चालू आहे. हात थांबलाय."

मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते, पण ही चुकांची वही आहे. मी म्हटलं, खराब माल गळ्यात मारायचा आणि खापर गिऱ्हाइकावर फोडायचं. आवाज चढवून म्हटलं. रस्त्यावरचे दोघं थांबून बघायला लागले.

त्या शांत होत्या. "माझा धंदा ड्राइव्ह विकायचा. चौथी आत्ता विकू शकते तुम्हाला. नाही विकणार. माझ्या बहिणीचं असंच व्हायचं. बोलता बोलता थांबायची. डॉक्टरांना दाखवा. आणि तोवर..." त्यांनी वर बोट केलं, छताकडे. "तोवर ते नको."

कॉम्प्युटर उचलून निघून आलो. गाडी हळू चालवली. का ते माहीत नाही.

३ मार्च, मंगळवार

बाईंना खोटं पाडायचं ठरवलं. भिंगरी शाळेतून आल्यावर तिला हिचा फोन दिला. म्हटलं, माझ्या बाजूला उभी राहून शूटिंग कर, पडदा आणि मी दोघं दिसू दे. तिला फार भारी वाटलं. स्टुलावर चढून उभी राहिली.

चाळीस मिनिटांनी वास आला. अडखळलं. मी म्हटलं, "बघ, पडदा थांबला की नाही?" तिने शूटिंग थांबवलं. स्टुलावरून उतरून फोन माझ्या हातात दिला आणि माझ्या पोटाला मिठी मारली.

फोनमध्ये हे आहे. पडद्यावर विमान चाललंय. ढग सरकतायत, खालचा रस्ता सरकतोय, कशालाही खंड नाही. आणि खुर्चीत एक माणूस. त्याचे डोळे उघडे. तोंडात काही नसताना तो चावतोय. डावा हात शर्टाच्या बटणाशी चाळा करतोय, पुन्हा पुन्हा तेच बटण. भिंगरीचा आवाज येतो, "बाबा?" मग परत, जरा मोठ्याने, "बाबा?" पडद्यावरचं विमान कलतं, खाली येतं, शेतं मोठी होत जातात. चोवीस सेकंदं. मग तो माणूस मान वळवून म्हणतो, "बघ, पडदा थांबला की नाही?"

अकरा वेळा बघितलं. हिने एकदाच बघितलं. मग माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"नोव्हेंबरपासून," ही म्हणाली. "खिडक्यांच्या पडद्यांचं कापड बघायला गेलो होतो तेव्हा पहिल्यांदा. मी सांगितलं तुला. दोनदा सांगितलं. तू म्हणालास, दमलोय. मलाही तेच हवं होतं. दमलेलाच असावास."

उद्या १०:५० चं उड्डाण माझ्या नावावर आहे. खडूसबरोबर.

४ मार्च, बुधवार

युनिफॉर्म चढवला होता. हे लपवणार नाही.

डोक्यात हिशेब चालू होता तो असा. डॉक्टरांनी अजून काही सांगितलेलं नाही, म्हणजे अजून काही झालेलं नाही. परीक्षेला आठ दिवस. वास आला की मला आधी कळतं, तेव्हा कॅप्टनला सांगायचं, तुम्ही घ्या. एवढे आठ दिवस रेटायचे. मग बघू. मला दुसरं काही येत नाही. चाळिशीला आलेल्या माणसाने उद्या सकाळी उठून काय व्हायचं?

ही दारात आडवी आली नाही. फक्त म्हणाली, "फोन मी करू की तू करतोस?" मी चावी घेऊन खाली आलो.

गाडीत बसलो. चावी लावली. मागच्या सीटवर भिंगरीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण पडलं होतं. आणि मग लक्षात आलं की नोव्हेंबरपासून रोज सकाळी तिला याच गाडीतून शाळेत मी सोडलंय. चौकातून, ट्रकांच्या मधून. मागे बसून ती गाणी म्हणायची आणि मी अधूनमधून उत्तर द्यायचो नाही.

खडूसना फोन लावला. "सर, मी आज उडू शकत नाही. आजच नाही. मला काहीतरी होतंय. भान जातं. अकरा तारखेला हेडसेट बिघडला नव्हता, सर. मी बिघडलो होतो."

पलीकडे विमानतळावरची घोषणा चालू होती. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि घोषणा बंद झाली.

"कुठे आहेस?"

"गाडीत."

"आधी खाली उतर. उतरलास? चावी काढ." मी चावी काढली. "आता ऐक. कंपनीला मी कळवतो, पण लेखी तू द्यायचंस, आजच, तुझ्या शब्दांत." मग त्यांचा आवाज बदलला. "अकरा तारखेचं मी लिहून द्यायला हवं होतं. तुझी परीक्षा तोंडावर होती म्हणून नाही दिलं. बासष्ट माणसं होती मागे. चूक माझीही आहे, मीही लिहून देतोय."

वर आलो. युनिफॉर्म काढून खुर्चीवर टाकला. हिने तो उचलून हँगरला लावला, मग तो हँगर कुठे अडकवावा हे हिला कळेना, तशीच हातात धरून उभी राहिली.

१० मार्च, मंगळवार

डॉक्टर वयाने माझ्याहून लहान. मेंदूचा फोटो उजेडावर धरून कानाच्या वर, आतल्या बाजूला, एक जुना बारीक व्रण दाखवला. कधीचा, सांगता येत नाही. तिथून हे सुटतं.

"याला फिटच म्हणतात," त्या म्हणाल्या. "फिट म्हणजे पडणं, थरथरणं एवढंच नसतं. जळका वास, धातूची चव, पोटातून वर चढणारं ते, ही सगळी तिचीच सुरुवात."

मी विचारलं, औषधाने थांबेल का. बहुधा थांबेल, म्हणाल्या. गाडी सध्या अजिबात नाही. मग मी ते विचारलं. त्यांनी फोटो खाली ठेवला.

"परवान्याचा निर्णय माझ्या हातात नाही. पण तुम्ही आशा धरून बसाल आणि मी गप्प राहीन, असं करणार नाही. प्रवाशांचं विमान यापुढे नाही. तसं धरून चाला."

जिना उतरताना हिने माझा दंड धरला होता. मी प्रत्येक पायरी मोजली. वाटलं, यातली एखादी आत्ता गळली तर मला कळणारसुद्धा नाही.

११ मार्च, बुधवार

बाईंच्या दुकानात बसने गेलो. माफी मागितली. त्यांनी मध्येच तोडलं, "डॉक्टर काय म्हणाले?" सांगितलं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबायला सांगितलं. मी तिथे रडलो. चार लोकांसमोर, जिन्याखाली, केबलच्या गुंडाळ्यांमध्ये. त्यांनी समजूत वगैरे काढली नाही. पाणी दिलं आणि एका कॉम्प्युटरचे स्क्रू खोलत राहिल्या.

ड्राइव्ह परत करायला नेली होती. त्या म्हणाल्या, "चांगली आहे ती, का परत करता? तिचा काही दोष नाही."

१२ मार्च, गुरुवार

आज परीक्षा होती. आत्ता या वेळी दुसरं कुणीतरी त्या खुर्चीत असेल. चांगलं करो बिचारा.

गोळीने जड वाटतं. सकाळी लॉगबुक काढून बसलो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते दोन मार्चपर्यंत, एकशे अडुसष्ट उड्डाणं. सरासरी पंचावन्न माणसं धरली तरी नऊ हजारांच्या वर. तान्ही मुलं आमच्याकडे मोजत नाहीत. यातल्या किती उड्डाणांत मी नव्हतो, हे लॉगबुकात नाही, आणि कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक ओळीपुढे माझी सही आहे, स्वच्छ, वळणदार. त्या माणसांना काही कळलेलं नाही. ती सामान घेऊन घरी गेली.

ही म्हणाली, बंद कर आता ते. मी अजून थोडं बघतो म्हटलं.

साडेचारला भिंगरीच्या पोहण्याच्या क्लासची वेळ झाली. ही कामावर, गाडी बंद, म्हणून चालतच निघालो. सगळ्या वाटेने ती एका मैत्रिणीबद्दल बोलत होती, जिला पाण्यात डोळे उघडे ठेवता येतात. मी प्रत्येक वाक्याला हुंकार देत होतो. मध्ये एकदा मुद्दाम गप्प राहिलो, तर ती लगेच थांबली, वर बघितलं, आणि मी हसल्यावरच पुढचं सांगायला लागली.

मोठ्या रस्त्यापाशी आलो. सिग्नल पडला. मी तिच्यापुढे हात केला. तिने बोटं धरली नाहीत. दोन्ही हातांनी माझं मनगट घट्ट पकडलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि म्हणाली, "चला बाबा, आता."